ग्राहकचालित आरोग्यविमा : एक उपपत्ती आणि तिचे अपवाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या दोन दशकांत आरोग्यविम्याचा एक विशिष्ट प्रकार 'ग्राहकचालित' या विशेषणाने रूढ झाला आहे. या विशेषणात एक संपूर्ण युक्तिवाद सामावलेला आहे. आणि तो सिद्ध करण्याऐवजी नावातच गृहीत धरला गेल्यामुळे त्याची चिकित्सा पुष्कळदा राहून जाते. योजनेची रचना तशी साधी आहे. विमेदाराने भरावयाचा हप्ता कमी ठेवावयाचा. त्या बदल्यात वर्षाच्या आरंभीच्या खर्चाचा एक मोठा भाग, ज्याला विम्याच्या व्यवहारात डिडक्टिबल म्हणतात, तो विमेदाराने स्वतः सोसावयाचा. आणि तो सोसता यावा म्हणून त्याच्या नावाने एक करमुक्त बचतखाते उघडावयाचे. डिडक्टिबलची मर्यादा ओलांडली गेल्यावरच विमा कंपनी खर्चाची जबाबदारी घेते. स्वतःचा पैसा खर्च होत असल्यामुळे रोगी चार ठिकाणी चौकशी करील, भाव पाहील, निरुपयोगी चाचण्यांना नकार देईल, आणि अशा लक्षावधी निवडींच्या दडपणाने वैद्यकीय सेवेचे भाव उतरतील, ही या रचनेमागील अपेक्षा होय.

'ग्राहक' हा शब्द या वाङ्मयात सर्वत्र गौरवार्थाने येतो. (मराठीत 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' या प्रयोगाला जी छटा आहे, ती पुरस्कर्त्यांना अर्थातच अभिप्रेत नाही.) परंतु रोग्याला ग्राहक म्हटल्याने तो ग्राहकासारखा वागू लागतो काय, हा प्रश्न व्याख्येने सुटण्यासारखा नाही; अनुभवानेच तो सोडवावा लागतो. असा अनुभव आता विपुल आहे. तो तपासू लागले असता असे दिसते की, या योजनांवरची सर्वांत मर्मग्राही टीका त्यांच्या विरोधकांच्या लेखनात नाही. ज्या कायद्याने या योजनांना जन्म दिला, त्याच कायद्याला वेळोवेळी जे अपवाद जोडावे लागले, त्या अपवादांत ती आहे.

या विचाराची वंशावळ १९६० नंतरच्या दशकात सापडते. १९६३ साली केनेथ अ‍ॅरो यांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून मुळातच भिन्न आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आजार केव्हा येईल हे अनिश्चित. आलेल्या आजारावर कोणता उपचार लागू पडेल हेही अनिश्चित. आणि त्यासंबंधीचे ज्ञान विकणाऱ्याकडे पुष्कळ, तर घेणाऱ्याकडे अत्यल्प. म्हणूनच इतरत्र जे काम किंमत करते, ते येथे विश्वास आणि व्यावसायिक मर्यादा करतात. पाच वर्षांनी, १९६८ साली, मार्क पॉली यांनी त्याच नियतकालिकात एक छोटे टिपण लिहिले. विमा असलेला माणूस अधिक उपचार घेतो यात नैतिक स्खलन असे काही नाही. भाव उतरला की मागणी वाढते, एवढाच त्याचा अर्थ, असे पॉली यांचे म्हणणे. 'नैतिक जोखीम' या जुन्या विमाशास्त्रीय संज्ञेतील 'नैतिक' हा शब्द तेव्हापासून नामधारी झाला. १९७३ साली मार्टिन फेल्डस्टाइन यांनी पुढचे पाऊल टाकले आणि अतिरिक्त विम्यामुळे समाजाचे निव्वळ नुकसान होते, असा हिशेब मांडला. ग्राहकचालित विम्याची सारी विचारसरणी पॉली व फेल्डस्टाइन यांच्यापासून निघते. अ‍ॅरो यांचे प्रमेय तिने खोडून काढले नाही. ते केवळ बाजूला ठेवले. रोग्यावर खर्चाचा भार टाकला गेला, ज्ञान मात्र होते तेथेच राहिले.

यानंतर जो प्रयोग झाला तो अर्थशास्त्राच्या इतिहासात विरळा आहे, आणि त्याचा जितका दाखला दिला जातो तितके त्याचे वाचन होत नाही. रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात डेटन, सिअ‍ॅटल इत्यादी सहा ठिकाणच्या दोन हजारांहून अधिक कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने निरनिराळ्या विमायोजनांत घातले. काहींना उपचार पूर्णपणे मोफत. काहींना खर्चाचा २५ टक्के, काहींना ५० टक्के, तर काहींना ९५ टक्के भार स्वतः उचलावा लागे. ९५ टक्के भार असलेल्यांचा एकूण वैद्यकीय खर्च मोफत उपचार मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरला. सरासरी माणसाच्या प्रकृतीवर मात्र त्याचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. पुरस्कर्त्यांना एवढेच पुरे होते.

परंतु याच प्रयोगातील तीन गोष्टी या उपपत्तीला अडचणीच्या आहेत. पहिली अशी की, खर्च कमी झाला तो उपचाराच्या दारात पाऊल टाकण्याचे प्रमाण घटल्यामुळे. आणि ही घट परिणामकारक मानल्या जाणाऱ्या व तशा न मानल्या जाणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या उपचारांत जवळजवळ सारखीच होती. रोग्याने पाखडून कोंडा टाकला आणि धान्य ठेवले असे झाले नाही. सुपातले निम्मेअधिक तसेच उधळले. दुसरी अशी की, सरासरीच्या आड गरीब आणि आजारी माणूस झाकला गेला होता. रक्तदाब वाढलेल्या गरीब सहभागींत मोफत उपचार मिळणाऱ्यांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला, आणि त्यांच्या मृत्यूचा संभव त्यामुळे कमी होत असल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रँडच्या प्रयोगात प्रत्येक कुटुंबाच्या वार्षिक भाराला त्याच्या उत्पन्नाच्या ५, १० किंवा १५ टक्क्यांची मर्यादा होती, आणि ती कोणत्याही परिस्थितीत १००० डॉलरच्या वर जात नसे. ६२ वर्षांवरील माणसे तर प्रयोगाबाहेरच होती. ज्या प्रयोगाच्या आधारावर पुढील योजना उभ्या राहिल्या, त्याचे हे कुंपण त्या योजनांनी घेतले नाही. आजच्या डिडक्टिबलचा आकडा कारकुनाला आणि कारखान्याच्या संचालकाला एकच असतो.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. जॉन गुडमन व जेराल्ड मसग्रेव्ह यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात वैद्यकीय बचतखात्यांचा जोरदार पुरस्कार केला. १९९६ च्या कायद्याने अशी खाती लहान आस्थापना व स्वतंत्र व्यावसायिक यांच्यापुरती, प्रायोगिक स्वरूपात, साडेसात लाखांची कमाल संख्या ठरवून मान्य केली. प्रत्यक्षात खाती त्या संख्येच्या आसपासही पोचली नाहीत. २००२ साली महसूल खात्याने नियोक्त्याच्या मालकीच्या प्रतिपूर्तिखात्यांना मान्यता दिली. डिसेंबर २००३ मध्ये वृद्धांच्या औषधखर्चाविषयीच्या एका अवाढव्य कायद्यात आरोग्य-बचतखात्यांचे कलम घालण्यात आले, आणि १ जानेवारी २००४ पासून ही खाती सर्वांना खुली झाली. त्या वर्षी एकट्या माणसासाठी किमान डिडक्टिबल १००० डॉलर होते. २०२६ साठी ते १७०० डॉलर आहे.

प्रसार झाला तो वेगाने. कायझर फॅमिली फाउंडेशनच्या वार्षिक पाहणीनुसार नोकरीमार्फत विमा असलेल्या कामगारांपैकी २००६ साली सुमारे ४ टक्के अशा योजनांत होते. २०२० साली हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले आणि २०२४ साली २७ टक्के होते. हे आकडे ग्राहकांच्या पसंतीचा पुरावा म्हणून मांडले जातात. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत कोणती योजना उपलब्ध व्हावी हे मुख्यतः नियोक्ता ठरवितो. त्याच पाहणीप्रमाणे विमा देऊ करणाऱ्या आस्थापनांपैकी बहुसंख्य आस्थापना एकाच प्रकारची योजना देऊ करतात. निवड असते ती बहुतांशी मोठ्या आस्थापनांत. १९९० नंतरच्या दशकात व्यवस्थापित सेवेच्या संस्थांनी उपचारांवर निर्बंध घातले तेव्हा डॉक्टर आणि रोगी दोघेही चिडले, आणि खर्च आवरण्याचे ते साधन बोथट झाले. नियोक्त्याला दुसरे साधन हवे होते, ते डिडक्टिबलच्या रूपाने मिळाले. पूर्वी 'नाही' म्हणण्याचे अप्रिय काम विमा कंपनीचा अधिकारी करी; आता ते रोग्याने स्वतःशीच करावयाचे. वाहन ग्राहकाच्या नावावर नोंदविले गेले आहे खरे, पण सुकाणू त्याच्या हाती आहे असे म्हणणे कठीण आहे.

रोगी भाव पाहतो काय, या प्रश्नाची सर्वांत काटेकोर तपासणी झॅरेक ब्रॉट-गोल्डबर्ग, अमिताभ चंद्रा, बेंजामिन हँडेल व जोनाथन कोल्स्टाड या चौघांनी केली. ती 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाली. एका मोठ्या आस्थापनेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना मोफत उपचारांच्या योजनेतून मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेत नेले होते. या उपपत्तीला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण : कर्मचारी उत्तम पगाराचे, नव्या तंत्रविद्येत मुरलेले, भावांची तुलना करण्याचे साधन त्यांच्या हाती दिलेले, बचतखात्यात आस्थापनेनेच भरघोस रक्कम भरलेली. खर्च सुमारे १२ ते १४ टक्क्यांनी उतरला. मात्र भाव पाहून स्वस्त ठिकाणी गेल्यामुळे तो उतरला, असे काहीही आढळले नाही. दुसऱ्या वर्षी, अनुभव गाठीशी आल्यानंतरही, आढळले नाही. लोकांनी केवळ कमी उपचार घेतले, आणि त्यांत उपयुक्त व निरुपयोगी असा भेद फारसा केला नाही. अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. जे कर्मचारी दीर्घकाळचे आजारी होते आणि वर्षअखेर डिडक्टिबल ओलांडणार हे ज्यांच्या बाबतीत जवळजवळ निश्चित होते, त्यांनीही वर्षाच्या आरंभी हात आखडता घेतला. ज्याचा भार शेवटी एकूण तितकाच पडणार, त्याने फेब्रुवारीत औषध पुढे ढकलून काहीच वाचत नाही. अर्थशास्त्रीय प्रतिमानातला विवेकी माणूस असे करणार नाही. पगाराची गणिते लीलया करणारा हा प्रत्यक्षातला माणूस मात्र तसेच करतो; कारण त्याच्या समोर असते ते आजचे बिल.

अ‍ॅरो यांचे जुने निरीक्षण येथे नव्या रूपाने परत येते. मायकेल चेर्न्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांच्या एमआरआय तपासणीचा अभ्यास करून २०१८ साली तो मांडला. ही तपासणी ठरवून करता येते, तिच्या गुणवत्तेत ठिकाणानुसार फारसा फरक नसतो, म्हणजे भाव पाहून घेण्यासारखी याहून सोयीची वस्तू वैद्यकात विरळा. तरीही रोगी तपासणीच्या जागी जाताना वाटेतली सरासरी सहा स्वस्त केंद्रे ओलांडून पुढे जात होते. कारण एकच : डॉक्टरांनी जेथे पाठविले तेथे ते गेले. यात मूर्खपणा नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवून गुडघा दाखविला, त्याने सांगितलेल्या जागीच चित्र काढून घेणे ही सामान्य शहाणपणाची गोष्ट आहे. या विश्वासाला किंमत म्हणून हिशेबात धरण्याची सोय उपपत्तीत नाही, हा दोष उपपत्तीचा.

गणिताचीही एक अडचण आहे. अमेरिकेतील एकूण वैद्यकीय खर्चापैकी जवळजवळ निम्मा खर्च पाच टक्के माणसांवर होतो. शस्त्रक्रिया, कर्करोग, अपुऱ्या दिवसांचे मूल, मूत्रपिंडाचा विकार असा एखादा प्रसंग आला की डिडक्टिबल पहिल्या काही दिवसांतच संपते आणि रोग्याची भाव पाहण्याची प्रेरणाही तेथेच संपते. म्हणजे ज्या खर्चामुळे देशाचा आरोग्यविषयक हिशेब फुगतो, त्याला ही योजना स्पर्श करीत नाही. ती लगाम घालते तो खोकला, पुरळ, पाठदुखी, मधुमेहाची तपासणी यांच्या खर्चाला. शेवटचा शब्द इतरांच्या रांगेत शोभत नाही, आणि सारा प्रश्न तेथेच आहे.

बचतखात्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यात भरलेल्या रकमेवर कर नाही, तिच्या वाढीवर कर नाही, आणि वैद्यकीय कारणासाठी काढल्यास तेव्हाही कर नाही. अमेरिकेच्या करपद्धतीत अशी तिहेरी सूट दुर्मीळ आहे. सवलत करकपातीच्या रूपाने असल्यामुळे ज्याचा कर अधिक त्याचा लाभ अधिक. २०२६ ची एकट्या माणसासाठीची कमाल रक्कम ४४०० डॉलर आहे. ती पूर्ण भरल्यास १२ टक्के उत्पन्नकर देणाऱ्याचे ५२८ डॉलर वाचतात, ३७ टक्के देणाऱ्याचे १६२८. पहिल्याजवळ ४४०० डॉलर बाजूला टाकण्याइतके असतात काय, हा प्रश्न वेगळाच. वयाच्या ६५ व्या वर्षानंतर ही रक्कम दंडाशिवाय कोणत्याही कारणासाठी काढता येते, वैद्यकीयेतर कारणाला फक्त नेहमीचा कर लागतो. म्हणून सधन विमेदार उपचाराचा खर्च खिशातून करतो आणि खात्याला हात लावीत नाही. खाते रोगासाठी निघाले आणि निवृत्तीसाठी वाढले. गुडमन यांच्या पंथाचे लोक सिंगापूरच्या १९८४ पासूनच्या मेडिसेव्ह खात्यांचा दाखला देतात. पण तेथे बचत सक्तीची आहे, आणि बहुतेक रुग्णालयीन खाटा व त्यांचे दर यांवर शासनाची पकड आहे. त्या देशातून खाते तेवढे आणले, शासन आणले नाही.

आता अपवादांकडे वळू. २००३ च्या कायद्यातच प्रतिबंधक सेवांना डिडक्टिबलमधून वगळण्याची मुभा होती. २०१० च्या व्यापक सुधारणा-कायद्याने लसी, ठराविक कर्करोग-चाचण्या इत्यादी प्रतिबंधक सेवा विमेदाराला विनामूल्य देणे बहुतेक योजनांना बंधनकारक केले. जुलै २०१९ मध्ये महसूल खात्याने जुनाट विकारांवरील चौदा औषधे व साधने प्रतिबंधक मानावयाची परवानगी दिली : मधुमेह्याला इन्सुलिन, दमेकऱ्याला श्वासावाटे घ्यावयाची औषधे, हृदयरोग्याला स्टॅटिन, रक्तदाब असणाऱ्याला तो मोजण्याचे यंत्र, नैराश्याने ग्रासलेल्याला विशिष्ट औषधे. २०२० च्या महामारीत दूरध्वनीवरील व पडद्यावरील वैद्यकीय सल्ला वगळण्यात आला. ती सूट २०२५ साली कायमची झाली. २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनला स्वतंत्रपणे डिडक्टिबलमुक्त केले.

या प्रत्येक तरतुदीचा अर्थ काय? ग्राहक आपल्या हिताची वस्तू ओळखून घेईल हे मूळ गृहीतकृत्य. ते खरे असते तर इन्सुलिनला अपवादाची गरज नव्हती. मधुमेह्याला इन्सुलिनचे मूल्य कळत नाही असे कोणी म्हणणार नाही. ते त्याला इतर कोणाहूनही अधिक कळते. तरीही भार पडला की तो मात्रा तोडतो, आणि त्याचा परिणाम पुढे रुग्णालयाच्या बिलात उमटतो, हे विधिमंडळाला मान्य करावे लागले. म्हणजे कोणते उपचार मोलाचे हे ठरविण्याचे काम पुन्हा तज्ज्ञांच्या आणि शासनाच्या यादीकडे आले. ग्राहकाकडे उरले ते यादीबाहेरचे. उपपत्तीचे समर्थक या अपवादांना परिष्करण म्हणतात. परिष्करणात तत्त्व तेच राहून त्याची धार वाढते. येथे जेथे जेथे धार लागली, तेथे तेथे तत्त्व मागे घ्यावे लागले आहे.

शिवाय अपवादाची रेषा कोठे ओढावयाची हा प्रश्न सुटत नाही, तो पुढे सरकतो. स्तनांच्या कर्करोगाची पहिली चाळणी, मॅमोग्राम, विनामूल्य आहे. तीत संशय आला तर पुढची चित्रे आणि ऊतकाची तपासणी यांना मात्र २०२५ पर्यंत सामान्यतः डिडक्टिबल लागू होत असे. फ्रँक व्हॅरम व सहकाऱ्यांनी मोठ्या डिडक्टिबलच्या योजनांत गेलेल्या स्त्रियांचा मागोवा घेतला. त्यांत निदानाची चित्रे, ऊतक-तपासणी, प्रारंभिक अवस्थेतील निदान आणि औषधोपचाराचा आरंभ या सर्वांना विलंब झाल्याचे दिसले. चाळणी फुकट, पण चाळणीने जे सापडले ते पाहण्यास पैसे, अशी ही व्यवस्था होती. याच संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात मोठ्या डिडक्टिबलखालील अल्प उत्पन्नाच्या मधुमेह्यांना तातडीच्या विभागात न्यावे लागण्याचे प्रसंग वाढलेले आढळले.

न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, या विचाराच्या सर्वांत समर्थ प्रवक्त्या, हार्वर्डच्या रेजिना हर्झलिंगर, यांनी एवढेच मागितले नव्हते. १९९७ च्या ग्रंथापासून त्यांनी जे चित्र रंगविले, त्यात रोग्याच्या प्रकृतीनुसार विमा कंपनीला कमीअधिक रक्कम देण्याची तजवीज होती, विशिष्ट आजाराची सर्व सेवा एकत्र देणाऱ्या संस्था होत्या, आणि शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाच्या धर्तीवर डॉक्टर व रुग्णालये यांच्या गुणवत्तेची माहिती सक्तीने प्रसिद्ध करविणारी यंत्रणाही होती. त्यांच्या चित्रातील डिडक्टिबल आणि खाते तेवढे व्यवहारात उतरले, कारण ते नियोक्त्याला परवडणारे आणि करदात्याला आवडणारे होते. माहितीची सक्ती उशिरा आणि अर्धीमुर्धी आली : रुग्णालयांनी आपले भाव प्रसिद्ध करावेत हा नियम १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला, म्हणजे डिडक्टिबलच्या मागून सतरा वर्षांनी. ज्याला बाजारात पाठविले त्याला दराचा फलक सतरा वर्षे दाखविला नव्हता. यामुळे हर्झलिंगर यांच्या मूळ कल्पनेची परीक्षाच झाली नाही, असा बचाव करता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण फलक लागल्यानंतरही एमआरआयच्या रोग्याला पत्ता डॉक्टरच देणार आहे.

जॉन नायमन यांनी २००३ च्या ग्रंथात या साऱ्या वादाचे मूळच निराळ्या रीतीने पाहिले. आजारी पडल्यावर माणूस विम्यामुळे जो अधिक उपचार घेतो, त्यातला मोठा भाग उधळपट्टी नसून निरोगी माणसांकडून आजाऱ्याकडे आलेले उत्पन्न आहे. त्यासाठीच तर त्याने विमा उतरविला, असे त्यांचे प्रतिपादन. ही दृष्टी स्वीकारली की 'अतिरिक्त मागणी' या शब्दांचा अर्थ बदलतो आणि पॉली यांच्या टिपणापासून चालत आलेला हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे काम अमेरिकेतील धोरणकर्त्यांनी केलेले नाही. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने २०२६ पासून विमा-बाजारपेठेतील सर्व 'ब्राँझ' श्रेणीच्या व महासंकटापुरत्या योजनांना बचतखात्याचा लाभ खुला केला आहे. या श्रेणींकडे वळणारे विमेदार बहुधा कमी हप्त्याच्या शोधात असतात. आणि ज्याला हप्ताच जड, त्याच्या खात्यात पहिल्या वर्षी किती रक्कम जमा होते, हे पुढील पाहण्यांतून कळेल.